न छापलेल्या दोन ओळी

काकूंना काकू का म्हणायचे ते कोणालाच धड माहीत नव्हतं. लग्न त्यांनी केलं नव्हतं, पुतणे-पुतण्या कोणी नव्हत्या, आणि वयाचं म्हणावं तर जुन्या कागदांच्या त्या कचेरीत त्यांच्याहून मोठी माणसं चांगली डझनभर होती. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. दारावरचा पहारेकरी काकू म्हणायचा, साहेब काकू म्हणायचे, आणि साहेबांचे साहेब तपासणीला आले की तेही जरा घुटमळून शेवटी काकूच म्हणायचे.

कचेरीच्या तळघरात एक लांबोळकी खोली होती. तिच्या किल्ल्या अकरा वर्षं काकूंच्या कमरेला होत्या. लोखंडी कपाटांच्या नऊ रांगा, कपाटांत फडक्यात बांधलेले गठ्ठे आणि गठ्ठ्यांत तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांची भांडणं: कोणाची बांधावरून, कोणाची विहिरीवरून, कोणाची बापाच्या मृत्युपत्रावरून. सगळं लॅटिनमध्ये. काकूंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कागद कुठला आणि कुठे आहे ते त्यांना विचारावं. चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या कारकुनांना त्या अक्षरावरून ओळखायच्या आणि त्यांना त्यांनी नावंही ठेवली होती. ज्याच्या ओळी उजवीकडे घसरायच्या तो घसऱ्या, जो टाक इतका दाबायचा की कागदाला भोकं पडायची तो टोच्या. संशोधन करणारे बडे बडे लोक वर्ष सांगायचे, गाव सांगायचे, आणि काकू म्हणायच्या, “हां, म्हणजे टोच्याच्या वेळचं,” आणि पाच मिनिटांत गठ्ठा टेबलावर. दिवसभर कसर झाडायची, सुटलेली पानं शिवायची, ओल कुठे येतेय ते भिंतीला हात लावून बघायचं. आयुष्यात दुसरं काही नव्हतं आणि दुसरं काही नको होतं.

आणि मग वरून परिपत्रक आलं. आता ही वरची मंडळी कधी तळघरात उतरली असतील तर शपथ! पण परिपत्रक काढायला उतरावं थोडंच लागतं? त्यात लिहिलं होतं की या खोलीचा ताबा यापुढे फक्त विद्यापीठाची लॅटिनची परीक्षा, म्हणजे व्याकरण आणि भाषांतर, पास झालेल्या माणसाकडेच राहील. सध्या जे कोणी आहेत त्यांना परीक्षेला तीनदा बसता येईल. तिन्ही वेळा नापास झालं तर किल्ल्या परत, आणि तिसऱ्या मजल्यावर आवक-जावकचं टेबल. म्हणजे उरलेली वर्षं येणाऱ्या पाकिटावर शिक्का आणि जाणाऱ्या पाकिटावर शिक्का. “सध्या जे कोणी आहेत” म्हणजे कोण, हे सगळ्या कचेरीला कळलं. एकट्या काकू.

त्या वेळी काकू सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. कचेरी सुटली की आठवड्यातून चार दिवस त्या विद्यापीठात जायला लागल्या. उतरत्या बाकांचा वर्ग, भिंतीवर हिरवा फळा, आणि आजूबाजूला वीस-वीस वर्षांची पोरं, ज्यांना पाठ करायला सांगितलं की जांभई यायची आणि जांभई देता देता पाठही व्हायचं. शिकवणाऱ्या बाई काकूंपेक्षा बारा वर्षांनी लहान. बुटक्या, काटेकोर, कधी आवाज न चढवणाऱ्या. पहिल्याच तासाला त्यांनी सांगून टाकलं की या भाषेत वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत सुटायचं नाही. आधी क्रियापद शोधायचं, मग त्याचा कर्ता, मग बाकीचे शब्द कोणाला जोडायचे ते प्रत्ययांवरून ठरवायचं. एकेक शब्द हातात घेऊन त्याला विचारायचं, बाबा रे, तू कोणाचा?

काकूंनी विचारलं. दोन वर्षं विचारलं. शब्द काही बोलायला तयार होईनात. विभक्त्यांचे तक्ते त्यांनी स्वयंपाकघरात लावले, न्हाणीघराच्या दाराला लावले. तक्ता बघून एकेक शब्द चालवता यायचा, पण सगळे एका वाक्यात आले की कोण कर्ता आणि कोण कर्म, सगळा सावळागोंधळ. पहिल्या परीक्षेत त्यांनी एका उताऱ्यात बैलाकडून शेतकऱ्याला नांगराला जुंपवलं. दुसऱ्या परीक्षेत वेळ संपला तेव्हा अर्धा पेपर कोरा होता. दोन्ही वेळा नापास. दुसऱ्या निकालानंतर त्या कचेरीच्या जिन्यात बसून रडल्या. पहारेकऱ्यानं बघितलं, पण बिचाऱ्यानं बघितलं नाही असं दाखवलं.

आता घरच्या माणसाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं, आणि मायेपोटी झालं. काकू राहायच्या दोन खोल्यांत, आपल्या वडिलांबरोबर. अण्णा ब्याऐंशी वर्षांचे. पाय गेलेले, कान मात्र शाबूत आणि डोळेही भिंग धरलं की चालणारे. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेलं. त्या काळी गावातले दोन हजार नंबर त्यांना पाठ होते आणि त्या दोन हजारांतला एकही त्यांनी कधी चुकीचा जोडला नव्हता. अण्णांचं म्हणणं एकच होतं: समजून घ्यायच्या नादाला लागशील तर बुडशील. पाठ कर. मला कुठे कळत होतं पलीकडचे लोक काय बोलतायत ते? पण जोडणी बरोबर व्हायची ना!

काकू तेव्हा इतक्या हताश झाल्या होत्या की त्यांना ते पटलं. आणि हिशेबही सरळ होता. पेपरातले शंभरातले साठ गुण नेमलेल्या पुस्तकातल्या उताऱ्यांच्या भाषांतराला होते. एका जुन्या कारभाऱ्यानं लिहिलेली नदीकाठच्या गावांची हकिगत होती ती, बासष्ट पानांची. बाईंनी वर्गात तिचं वाक्यावाक्यानं भाषांतर केलं होतं आणि काकूंनी ते चार वह्यांत सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. त्या चार वह्या पाठ केल्या तर व्याकरणात किती का धुव्वा उडेना, पन्नासची पासाची रेघ कुठे पळून जात नव्हती.

मग सुरू झालं. रोज पहाटे पाच ते सात. अण्णा खिडकीशी खुर्चीत, मांडीवर वही, हातात भिंग. काकू ओट्याशी, नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत, नाहीतर नुसत्याच भिंतीकडे बघत म्हणायच्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला की अण्णा बोट वर करायचे. “‘तेव्हा’ नाही. ‘त्यानंतर’.” परत पहिल्यापासून. कचेरीला जाता-येता काकूंचे ओठ हलत असायचे. शेजारीण एकदा अण्णांना हळूच विचारून गेली, लेक बरी आहे ना तुमची म्हणून. उताऱ्याची सुरुवात ओळखता यावी म्हणून प्रत्येक परिच्छेदाचे लॅटिनमधले पहिले तीन शब्दही काकूंनी पाठ केले, एकशे अठरा परिच्छेदांचे. तीन शब्द दिसले की पुढचं भाषांतर आपोआप तोंडात यायचं. सात महिन्यांत चारी वह्या झाल्या. अण्णा म्हणाले, एक्स्चेंजवर लागली असतीस तर नाव काढलं असतंस.

गंमत बघा. या सात महिन्यांत बाप-लेकीचं जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या वीस वर्षांत झालं नव्हतं. अण्णा ताजेतवाने दिसायला लागले. दाढी रोज व्हायला लागली. परीक्षा लेकीची होती, पण घरात दोघंही परीक्षेला बसले होते.

तिसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. पेपर हातात पडला. पहिला मोठा उतारा, चाळीस गुणांचा. पहिले तीन शब्द बघितले आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. तिसरी वही, पान एकवीस, पुराचा परिच्छेद. त्यांनी पेपर बाजूला सारला आणि लिहायला घेतलं. परत उताऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघायची गरजच काय होती? अक्षर टपोरं, खाडाखोड नाही. दुसरा उताराही आला. व्याकरणात जमेल तेवढं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या पाऊण तास आधी उठून बाहेर आल्या आणि घरी येऊन अण्णांना म्हणाल्या, झालं. त्या दिवशी दोघं संध्याकाळपर्यंत पत्ते खेळत बसले.

वर्गातल्या पोरांना एक गोष्ट माहीत होती जी काकूंना माहीत नव्हती. वरच्या वर्गातली मुलं खालच्या मुलांना चहाच्या टपरीवर ती सांगायचीच. बाई नेमलेल्या पुस्तकातला उतारा द्यायच्या खरा, पण मधली एक-दोन वाक्यं काढून टाकायच्या. टिंबं नाहीत, मोकळी जागा नाही, वरची ओळ खालच्या ओळीला बेमालूम जोडलेली. जो उतारा वाचून भाषांतर करतो त्याला काहीच फरक पडत नाही. जो पाठ करून येतो तो न छापलेल्या वाक्यांचंही भाषांतर करून ठेवतो. दर वर्षी एखादा तरी सापडायचा. काकूंना कोणी सांगितलं नाही, यात दुष्टावा काही नव्हता. काकू तास संपला की घरी पळायच्या. टपरीवर त्या कधी थांबल्याच नाहीत, आणि पोरांना वाटायचं तिसऱ्यांदा बसतायत, म्हणजे त्यांना माहीत असणारच.

बारा दिवसांनी चिठ्ठी आली. गुरुवारी अकरा वाजता बाईंना भेटावं.

बाईंची खोली लहान होती. पुस्तकांनी भरलेली, एकच खिडकी, टेबलावर काकूंची उत्तरपत्रिका. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. उत्तरपत्रिकेवर दोन वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती. बाईंनी पेपर शेजारी ठेवला आणि विचारलं, ही दोन वाक्यं मला दाखवा, उताऱ्यात कुठे आहेत ती.

काकूंनी आपलं लिहिलेलं वाचलं. “बैल मात्र कोणीच सोडले नव्हते. ते दाव्याला बांधलेलेच बुडाले.” मग त्या पेपरातल्या उताऱ्यात बैल शोधायला लागल्या. बैलाचा शब्द त्यांना येत होता, पहिल्या परीक्षेत त्याच शब्दानं घात केला होता. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. बैल नव्हता. 

बाईंना वाटलं होतं काकूंनी परीक्षेला वही आत नेली. तसं त्यांनी स्पष्टच विचारलं, आणि त्यात राग नव्हता, पण प्रश्न तोच होता: नक्कल केलीत का? काकूंच्या जन्मात त्यांना कोणी असं विचारलं नव्हतं. कचेरीत चारशे वर्षांपूर्वीचे सही-शिक्क्याचे कागद रोज हाताखालून जायचे, त्यातला चिटोरासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणायला लागल्या. पहिली वही, पहिलं पान, पहिलं वाक्य. आवाज आधी कापत होता, मग लागला. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला, पाचवा झाला. बाहेरून जाणारं कोणीतरी दाराशी थबकलं आणि पुढे गेलं. बाईंनी पुस्तक उघडलं, बोट ओळींवरून फिरवत राहिल्या, आणि अकराव्या परिच्छेदाला त्यांनी पुस्तक मिटलं.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “बसा. नक्कल नाही केलीत. मी माफी मागते.”

काकूंना वाटलं संपलं, सुटले. पण बाई खिडकीकडे बघत बोलत राहिल्या. नक्कल नाही, हे सिद्ध झालं. आणि भाषांतरही नाही, हेही त्याबरोबरच सिद्ध झालं. समोर नसलेल्या वाक्यांचं भाषांतर करणाऱ्यानं समोर असलेल्यांचंही केलेलं नाही, म्हणून त्या प्रश्नाला शून्य. हा नियम पेपरावर पहिल्याच सूचनेत छापलेला होता, काकूंनी ती सूचना कधी धड वाचलीच नव्हती. चाळीसच्या चाळीस गुण गेले. उरले एकोणतीस.

काकू मग खूप बोलल्या. एरवी त्या मोजून-मापून बोलणाऱ्या, पण त्या दिवशी लाज सोडून बोलल्या. परिपत्रकाचं सांगितलं, तिसरी आणि शेवटची खेप ते सांगितलं, तळघर सांगितलं, घसऱ्या आणि टोच्या सांगितले. म्हणाल्या, मला त्या खोलीतून काढू नका, हवं तर मी रोज येते, वर्षभर येते, तुम्ही म्हणाल ते करते. बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. शेवटी त्यांनी एक कोरा कागद घेतला, त्यावर लॅटिनचं एक वाक्य लिहिलं आणि कागद काकूंपुढे सरकवला. हे पुस्तकातलं नाही, आत्ता रचलंय. बघा.

नऊ शब्द होते. काकूंना पहिले तीन शब्द ओळखीचे वाटेनात, आणि तोंडात काहीच येईना. मदतीला वही नव्हती, अण्णा नव्हते. पाच मिनिटं त्या नुसत्या बसून राहिल्या. मग त्यांनी शेवटचा शब्द घेतला. क्रियापद. वाहून नेलं, अनेकांनी. अनेक कोण? मागे जाऊन त्यांनी शेपटीकडून बघितलं, हा नाही, हाही नाही, हा. मुलगे. कोणाचे? म्हाताऱ्याचे. मधे एक शब्द आडवा पडला होता, तो कोणालाच जोडून घेईना. त्यांनी तो सोडला, पुढे गेल्या, परत आल्या. बाईंनी दोनदा घड्याळाकडे बघितलं पण टोकलं नाही. चाळीस मिनिटांनी काकूंनी लिहिलं: “नदी उतरल्यावर म्हाताऱ्याच्या मुलांनी त्याला पलीकडच्या काठावर उचलून नेलं.”

लिहिल्यावर त्यांनीच ते वाचलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. हे कोणी सांगितलेलं नव्हतं. वाक्य कागदावर बंद होतं आणि ते त्यांनी उघडलं होतं.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “अगदी बरोबर.”

“मग?”

“मग काही नाही. परीक्षा झालीय, काकू.” वर्गात त्यांनी कधी काकू म्हटलं नव्हतं. “तुम्हाला जमतं. सात महिने हे केलं असतंत तर तुम्ही पास झाला असतात. मी आज तुम्हाला गुण दिले तर गेल्या वर्षी ज्याला दिले नाहीत त्याला काय सांगू?”

काकूंना त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. राग आला असता तर निदान रस्त्यानं घरी जाताना धरायला काहीतरी मिळालं असतं. जिना उतरताना त्यांच्या मनात एकच येत होतं, की सात महिने, दिवसाचे दोन तास, आणि हे चाळीस मिनिटांत यायला लागलं. कळायला लागलं तेव्हाच सगळं हातचं गेलं होतं. रस्त्यात त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. किल्ल्या कमरेला टोचत होत्या. सोमवारी त्या साहेबांच्या टेबलावर ठेवाव्या लागणार होत्या, आणि मंगळवारी कोणीतरी येऊन टोच्याचे गठ्ठे सोडणार होतं, ज्याला टोच्या कोण ते माहीत नसणार.

घरी अण्णा खिडकीशी होते. आज निकाल कळणार हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. काकूंनी चपला काढल्या, घोटभर पाणी घेतलं, आणि आडवळण न घेता सांगून टाकलं.

“नापास झाले, अण्णा.”

अण्णांनी वह्यांकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, “काय विसरलीस?”

“काही नाही. एक ओळसुद्धा विसरले नाही.”

“पुराचा आला होता ना? बैलांचं वाक्य राहिलं का? तिथे तू अडखळायचीस.”

“नाही अण्णा. तेही लिहिलं.”

“मग नापास कशी होशील?”

काकू सांगायला लागल्या. पेपरात ते वाक्य नव्हतंच, बाईंनी मुद्दाम काढलं होतं, पाठ करणारे सापडावेत म्हणून. दोन वाक्यं बोलून त्या थांबल्या, कारण अण्णांचा चेहरा त्यांना दिसत होता. पुढचं सांगायचं म्हणजे या माणसाला सांगायचं की तुम्ही शिकवलंत तेच चुकलं. की सात महिने तुम्ही पहाटे उठून, भिंग धरून, मला बुडवलंत. काकूंना ते बोलवेना. “माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “काहीतरी चुकलं असणार.”

“तुझं नाही चुकलं,” अण्णा म्हणाले.  “माझंच ऐकायचं राहिलं असेल कुठेतरी. कान दगा द्यायला लागलेत, मी कोणाला बोललो नाही.” त्यांनी शेजारच्या स्टुलावरून पहिली वही उचलली, मांडीवर उघडली, भिंग शोधून डोळ्यासमोर धरलं. “म्हण बघू. पहिल्यापासून. हळू म्हण. कुठे चुकलं ते मी काढतो.”

काकूंनी किल्ल्या कमरेच्या सोडून ओट्यावर ठेवल्या, त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणायला सुरुवात केली. पहिली वही झाली, दुसरी झाली. अण्णा ओळीवर बोट ठेवून, मान तिरकी करून, जिवाच्या आकांतानं ऐकत होते. चारी वह्या होईपर्यंत त्यांना एकदाही बोट वर करावं लागलं नाही.